शेवटचं कडवं

नोकरीसाठी बंगलोरला निघालो त्या सकाळी निफाडच्या स्टँडवर आईने डबा दिला, बाबांनी "पोचल्यावर फोन कर" म्हणून पुन्हा पुन्हा बजावलं आणि दगूमामाने खिडकीतून एक कॅसेट आत सारली. त्याची स्वतःची. मामा द्राक्षबागांत छाटणीला जायचा आणि जत्रांत स्वतः रचलेली गाणी म्हणायचा. कार्यक्रम संपला की पिशवीतल्या कॅसेटी तिथंच विकायचा. त्यातूनच पुढची कॅसेट निघायची, आणि आमच्या घरातल्या पहिल्या पदवीधराला, म्हणजे मला, अधूनमधून पुस्तकंही मिळायची.

"भाचेबुवा, गाणं मधीच बंद नाय करायचं. शेवटच्या कडव्यात मी हाय."

जुन्या रीतीप्रमाणे तो आपलं नाव शेवटच्या कडव्यात गुंफायचा. म्हणूनच कव्हरवर नुसता देवीचा फोटो. नाव वेगळं छापायची त्याला कधी गरज वाटली नाही.

काही वर्षांनी ऑफिसात बसल्या बसल्या नेटवर मामाचा आवाज भेटला. खाली कुणीकुणी दूरदेशाहून लिहिलं होतं, गावाची आठवण आली म्हणून. पण फाइल लहान करायला कुणीतरी शेवटचं कडवं कापलं होतं, आणि गायकाच्या नावापुढे लिहिलं होतं : पारंपरिक.

त्याच उन्हाळ्यात मामाचा फोन आला. "जत्रेत एक पोरगं म्हनलं, ओ बाबा, मोबाइलातलं गाणं चोरून म्हनता काय? सगळे हसले रं. कॅसेटला कुनी हात लावला नाय. तू शिकलेला हायस. तिथं माझं नाव घाल."

मी त्या वेबसाइटला मेल केले. उत्तर नाही. तोवर तेच तुटकं गाणं आणखी चार ठिकाणी गेलं होतं. माझ्या कंप्युटरवर उतरवून घेतलेल्या फाइलवर मात्र ‘पारंपरिक’ खोडून मी मामाचं नाव टाइप केलं. ते तेवढ्याच पडद्यावर दिसलं.

"प्रयत्न चालू आहेत, मामा."

"घाई नाय," तो म्हणाला.

पुढची कॅसेट निघालीच नाही.

गाव सोडून आलेल्या तुम्हाला त्या गाण्यात घर भेटत असेल, तर ते खोटं नाही. मलाही भेटतं. फक्त ते जिथं तुटतं, तिथून पुढचं कडवं मी स्वतः म्हणतो, मामाच्या नावापर्यंत. माझं घर आता तेवढ्या ओळींत उरलंय, आणि माझा आवाज या खोलीबाहेर जात नाही.