वायर काढली तरी पट्टी फिरत राहिली

दादा गेला. आज पहाटे.

आणि मी सकाळपासून एका जागी बसू शकलेली नाही.

खरं तर बसता यायचं नाही ते त्याला. जेवतानाही पाय हलत असायचा. आमचे वडील, आबा, वैतागायचे. "ह्याच्या बुडाखाली मुंगळं हायेत का काय?"

नव्वदच्या दशकात बारामतीत आम्हा भावंडांचं एका खोलीचं दुकान होतं. हॉलमध्ये, ऑफिसात लावायच्या एलईडीच्या सरकत्या पट्ट्या आम्ही बनवायचो. लाल अक्षरांच्या.

आठ बाय आठ दिव्यांचे ठोकळे यायचे. इंग्रजीला त्यांची एक रांग पुरायची. आपल्या मराठीला वर वेलांटी, खाली उकार! मग ठोकळ्यावर ठोकळा, दुमजली काम. प्रत्येक अक्षर मी आलेखाच्या कागदावर टिंबं भरून काढलंय.

गंमत म्हणजे पट्टीत एका वेळी दिव्यांची एकच ओळ पेटते. पण ओळी इतक्या भराभर बदलतात की डोळ्याला अख्खं अक्षर दिसतं.

"थांबली की संपली बघ," दादा म्हणायचा. त्याला ते फार आवडायचं.

आबांना नाही. आम्ही मूळचे मेंढरंवाले, सांगवीत ऊस उभा केला तो आबांनी. पोरगा दिवे जोडत बसतो, हे त्यांच्या पचनी पडेना.

मग भवानीनगरला एका सोसायटीची सभा ठरली. चांगल्या उसाबद्दल सत्कार आबांचा, आणि पट्ट्या आमच्या. एक दारात, एक स्टेजवर.

आबांनी आदल्या दिवशीच सुनावलं, "पट्टी चालली तर तुझं खरं. न्हाय तर दुकान बंद कर अन् उसाला पाणी धर."

"चालंल की!" दादा म्हणाला. पाय हलतच होता.

एका कॉम्प्युटरवरून दोन्ही पट्ट्यांना एकच वायर. मजकूर तुकड्यातुकड्यांनी जातो, सोबत पट्टीचा नंबर जातो. ज्याचा त्याने उचलायचा. दारात दिवंगत सभासदांना श्रद्धांजली, स्टेजवर सत्कार.

दादाने घाईत दोन्ही पट्ट्यांना एकच नंबर दिला.

आबा फेटा बांधून पुढच्या खुर्चीत. स्टेजवर अक्षरं सरकू लागली.

"सत्कारमूर्ती श्री. बाबूराव..."

टाळ्या.

आणि मागोमाग, अगदी सावकाश,

"...यांच्या आत्म्यास शांती लाभो."

सभा गार.

"वायर काढ!" दादा ओरडला. मी उपटलीच.

पट्टी फिरतच राहिली.

कारण एकदा उचललेली ओळ पट्टी स्वतःच्या मेमरीत ठेवते. वायर फक्त नवं काही आणते. हे आम्हा दोघांनाही पाठ होतं, पण त्या घाबरगुंडीत आठवतंय कुणाला! पुन्हा आबांचं नाव. पुन्हा शांती.

"बाबूराव, तुमी तर गेला की वो!" मागून कुणीतरी म्हणालं.

आबा उठले. आता आपलं दुकान गेलं, असं मी धरूनच चालले. त्यांनी माईक ओढला.

"मी हाय अजून! अन् पोराची पट्टी चालतीया, बगताय न्हवं सगळी?"

सगळा हॉल हसला. दादा तिथंच उभ्याउभ्या रडला. पाय मात्र हलत नव्हता, हे मला नीट आठवतंय.

दुकान राहिलं. उसाला पाणी धरायचं आबांनी पुन्हा कधी काढलं नाही.

आज सकाळपासून दादाच्या फोटोखाली सगळे तेच वाक्य लिहितायत. मी दर वेळी वाचते आणि येड्यासारखी मागे वळून बघते. कुणीतरी उठेल, माईक ओढेल.

आपल्याकडे ते वाक्य एकदा साफ खोटं निघालंय, दादा. म्हणून मी ते लिहिणार नाही.

वायर निघालीय, कळतंय मला. तुझी ओळ फिरतेच आहे.

आता तू जरा टेक.