मास्तरांची आठपर्यंतची मोजणी

दोन वर्षं मी फोटोचा उजेड कानाने मोजला. देवाने दोन डोळे दिले होते. ते त्या काळात कुठे गेले होते हे मला अजून सांगता येत नाही.

आता उजेड मोजायचं यंत्र खिशात मावतं. तेव्हा सोलापुरात ते मी तरी पाहिलं नव्हतं. सात रस्त्यावरच्या स्टुडिओतले मास्तर, तेच आमचं यंत्र. मी गिरणीत कारकून, पण रविवार आला की त्यांच्याकडे फुकट राबायला हजर. माझं काम एकच. बसलेल्या माणसाच्या सावलीतल्या गालावर उजेड उडेल अशी पांढरी चादर ताणून उभं राहायचं. तोंड गिऱ्हाइकाकडे, पाठ कॅमेऱ्याकडे. मास्तर काचेच्या छपराखालचा पडदा काठीने सरकवत, स्वतःचा तळहात उजेडात उलटासुलटा करून बघत, मग हातात रबरी फुगा धरून खड्या आवाजात मोजायला लागत. फुगा दाबला की भिंगामागची झडप उघडायची, सोडला की मिटायची. पडदा अर्धा असला तर मोजणी आठपर्यंत. ढग आले तर बारापर्यंत. मी हे स्तोत्रासारखं पाठ केलं.

एकदा विचारलंसुद्धा, "मास्तर, आठ म्हणजे आठच ना? कमी नाही?"

"आठ म्हंजे आठ," मास्तर म्हणाले. "कमी केलं तर मानसं कोळशावानी येतील. लक्षात ठेवा."

ठेवलं. गिरणी सोडून स्वतःचा स्टुडिओ काढायचा, हे माझं तेव्हाचं वेड. मास्तरांना मी ते मोठ्या भक्तिभावाने सांगितलं होतं, आणि त्यांनीही माझ्या पाठीवर थाप मारली होती. सासऱ्यांचं भवानी पेठेत लुगड्यांचं दुकान. त्यांच्या मते जावई म्हणजे मुलीबरोबर येणारा खर्च. तरी दिवाळीत ते म्हणाले, "समद्या लेकी आल्यात. घरादाराचा एक फोटू काढा. बरा आला तर दुकानावरची माडी तुमाला स्टुडिओला. न्हाय आला तर पुन्यांदा नाव काढायचं न्हाय."

मी एक जुना कॅमेरा पैदा केला. त्याला ना झडप, ना फुगा. भिंगावरची टोपी काढायची, मोजायचं, टोपी लावायची. दुकानामागच्या पडवीत पंचवीसेक माणसं तीन ओळींत बसवली, मास्तरांसारखा तळहात फिरवून पाहिला (त्यात काय बघायचं असतं हे मला कधीच कळलं नव्हतं) आणि टोपी काढून आठ मोजले. आवाज मास्तरांपेक्षाही खडा लागला होता.

फोटोची काच, म्हणजे प्लेट, धुतली तर तव्यासारखी काळी. त्यावरून छापलेला कागद त्याच्या उलट, पांढराफटक. सासऱ्यांनी कपाळभर लावलेली विभूती कपाळासकट गेली होती. पटका मागच्या भिंतीत विरला होता. सासूबाईंच्या जागी नुसती नथ दिसत होती. मधल्या मेहुणीच्या मुलाला दोन डोकी होती, आणि खरं सांगायचं तर सबंध फोटोत माणूस म्हणून ओळखू येणारं तेवढंच.

काच घेऊन मी मास्तरांकडे धावलो. त्यांनी ती उजेडाला धरली, हळहळले. "प्लेटी शिळ्या दिल्या की तुमाला. उजेड तर तुमी बराबर धरलाय." मी आठवडाभर प्लेटीवाल्याच्या नावाने बोटं मोडली.

पुढच्या रविवारी सासुरवाडीला गेलो तर पडवीत मास्तरांचा कॅमेरा उभा. सासऱ्यांनी परस्पर बोलावलं होतं. मास्तर माझ्याकडे बघून हसले, आणि सासरे म्हणाले, "या जावईबापू, आज तुमी बी बसा. कडंला."

बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांच्या भिंगाकडे माझं तोंड होतं. मास्तरांनी तळहात पाहिला, फुगा उचलला. "हलू नका. एक…" भिंगाच्या आत झडप उघडली. "दोन…" म्हणायच्या आत ती मिटली. मास्तर आपले मोजतच होते. तीन, चार, पाच. फुगा त्यांच्या हातात सैल लोंबत होता आणि सगळं घरदार श्वास धरून बसलं होतं.

"अहो, एकालाच मिटली!" मी उभा राहून ओरडलो.

"बसा हो!" सगळ्या मेहुण्या एकदम.

"मास्तर, तुम्ही मला आठ सांगितलं होतं!"

मास्तरांनी शांतपणे आठपर्यंत पोचून फुगा खाली ठेवला. "आठ मोजतो ते बसनाऱ्यासाटी. एकच म्हटलं तर मानूस एकाच्या आधीच हलतंय."

"पण मी विचारलं होतं! तुमच्या तोंडाने सांगितलंत, आठ म्हणजे आठ. वर प्लेटी शिळ्या म्हणालात!"

"व्हय, म्हनलो," मास्तर प्लेट काढून घेत म्हणाले. "तुमी माज्याच गावात दुकान काडनार. मग काय खरं सांगू व्हय?"

दोन वर्षं राबलो होतो. खरोखर गुरू मानलं होतं या माणसाला. डोळ्यांत पाणी यायला लागलं, ते मेहुण्यांना दिसू नये म्हणून मी सासऱ्यांकडे वळलो. आता तरी घरचा माणूस माझ्या बाजूने बोलेल.

"ऐकलंत ना मामा? यांनी मला फसवलं. आता माडीचं..."

सासऱ्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"फसवलं की. लबाडच हाय त्यो," ते म्हणाले. "पन दोन वरसं शेजारी हुबं राहून ज्याला कळलं न्हाय, त्याला माडी तर सोडाच, मी गल्ल्यावर बी बसवनार न्हाय."