पिशवीत ठेवलेली इंटरनेटची वायर

या सदरात येणारे बहुतेक अनुभव मला भंपक वाटतात. कुणाला चिंचेखाली बाई दिसते, कुणाची मोटरसायकल मागून कोणी ओढतं... मी तेहेतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. असल्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं करायचो. आज मीच लिहायला बसलोय. खुशाल हसा.

घर आसगावचं, पवनी तालुक्यात. सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, खिडकीजवळ कॉम्प्युटर. मुलगी वैशाली पुण्याला असते. आईला मोबाइलवर नीट दिसत नाही म्हणून तिनंच तो कॉम्प्युटर पाठवला, नेटही घेऊन दिलं. वैशालीनं जातीबाहेर लग्न केलं होतं, म्हणून मी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. बायको, सुशीला, मात्र रोज दुपारी तिच्याशी व्हिडिओवर बोलायची, हसायची. ते हसणं मला सोसेना. मग मी राउटरची वायर सैल करून ठेवू लागलो — क्लिप दाबायची, जराशी ओढायची. वरून लावलेलीच दिसते.

"अजी, पाहा ना, पुन्हा बंद झालं. काहून होत असंल?"

"तणसातले उंदरं वायर कातरून राहिले," मी सांगायचो.

नेट दुरुस्त करणारा मुरलीधर पवनीहून यायचा. पन्नाशीचा माणूस, पण सगळ्या रोगांवर एकच औषध — बंद करून चालू करा. त्याला मी मूर्खच समजत होतो. चौथ्या खेपेला तो माझ्याकडे बघत म्हणाला, "गुरुजी, तुमच्या घरचा उंदीर लय शिकेल दिसते जी. क्लिप दाबून वायर काढते!"

सुशीला खळखळून हसली. मी नाही.

दुसऱ्या दिवशी मी राउटर बंद केला, अख्खी वायर काढून पिशवीत टाकली आणि पवनीच्या बसमध्ये बसलो. तीन वाजता परतलो, तर सुशीला पडद्यासमोर बसलेली... आणि पडद्यावर वैशाली!

"लाखोरीची डाळ रातभर नोको भिजवू व बाई, वडे फुटतेत," सुशीला सांगत होती. मग माझ्याकडे वळली. "अजी, पाहा, आज लाइन कशी साफ हाय!"

मी पिशवीत हात घातला. वायर होती. राउटरचे दिवे विझलेले. त्या कॉम्प्युटरला वायरलेसची सोय नाही आणि घरातला एकुलता एक मोबाइल नेहमीसारखा माझ्याच खिशात. दोघी पाऊण तास बोलल्या. मी स्वयंपाकघरात पाणी पीत उभा राहिलो.

वायर मी त्यानंतरही लावली नाही. माज म्हणतात याला. महिन्याभरात सुशीला गेली.

दहाव्याला वैशालीनं विचारलं, "बाबा, तो एक कॉल सोडला तर आई चार महिने आलीच नाही. मुरलीधरभाऊ म्हणतात, लाइन चांगली होती. मग... आई माझ्यावर रागावली होती का?"

"असंल," मी म्हणालो.

त्या पाऊण तासाचं स्पष्टीकरण माझ्याजवळ नाही. विज्ञानाची सगळी पुस्तकं उलटली तरी सापडणार नाही. बाकीच्या चार महिन्यांचं आहे, ते वर लिहिलं.

वैशाली, ती रागावली नव्हती. रोज दोन वाजता खरकटी भांडी तशीच टाकून, चष्मा पदरानं पुसून, ती त्या काळ्या पडद्यासमोर बसायची. चारपर्यंत.