ऐकू न येणारी झांज

अंबरनाथच्या एमआयडीसीत मी पॉवर प्रेसवर नोकरी केली. पत्र्याचे वायसर, झाकणं, ब्रॅकेट. प्रेस खाली आली की पायाखालची जमीन हलायची. कानात कापूस कोंबायचो, पण त्याने काय होतंय. रिटायर झाल्यावर बदलापूरला खरवईत नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो, आणि तिथली शांतता मला सोसेना.

आमच्या जुन्या वस्तीतल्या जयंती मंडळाचा एक जुना अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडे पडून होता. तो दुरुस्त करायला उल्हासनगरला घेऊन गेलो. दुकानदार सिंधी, माझ्याच वयाचा. कुणाच्या तरी बंगल्यातून भंगारात आलेलं एक खोकं त्याच्याकडे होतं, रेकॉर्डींनी भरलेलं. "ले जाओ साईं, अंग्रेजी बाजा है, कोई हाथ नहीं लगाता," तो म्हणाला. मी खोकं घेतलं आणि त्यानेच नीट केलेला एक रेकॉर्डप्लेअरही.

पहिली रेकॉर्ड लावली आणि गाणारा कधी येतो याची वाट बघत अख्खी बाजू ऐकली. गाणारा आलाच नाही. नंतर इंटरनेटवर कळलं की याला जॅझ फ्यूजन म्हणतात, आणि हे सगळे अल्बम सत्तरच्या दशकातले नाहीतर ऐंशीच्या सुरुवातीचे. इलेक्ट्रिक गिटार, विजेवरचा पियानो, आणि ठेका असा की सम कुठे आहे ते लवकर सापडू नये. एका रेकॉर्डवर तर चक्क तबला होता, गिटारच्या मागे लागलेला.

मला हे आवडायला लागलं. विशेषतः बेस गिटार. तो घुमला की मी खूश. दोन-तीन अल्बम पुन्हा पुन्हा लावायचो. काही मात्र एकदाच ऐकून बाजूला ठेवले, उगाच पोकळ वाटले म्हणून.

बायको घरीच ब्लाऊज शिवते. एका दुपारी काजं करता करता तिने मान वर केली.

"अहो, ते मधूनमधून चिमणीसारखं काय वाजतंय?"

"कुठे काय वाजतंय?"

"हे काय, आत्ता. पुन्हा वाजलं बघा."

मी आवाज वाढवला. तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. मला घुमणाऱ्या बेसशिवाय आणि ड्रमच्या धपधपीशिवाय काही ऐकू येईना. कव्हर वाचून दाखवलं तर त्यात झांजा, घुंगरू, त्रिकोणी घंटी असं बरंच काही होतं.

तिने सुई कापडात खोचून ठेवली. मग म्हणाली, "दाराची बेल वाजते तेव्हा तुम्ही कधीच उठत नाही. मला वाटायचं, आळस."

आमच्या बेलचा आवाज पाखराच्या किलबिलीचा आहे. इथे राहायला आल्यापासून मी तो एकदाही ऐकला नव्हता. बेल मुकीच आहे असंच मी धरून चाललो होतो.

स्टेशनजवळच्या क्लिनिकमध्ये एका मुलीने मला काचेच्या खोलीत बसवून कान तपासले. कागदावरची रेघ आधी सरळ चालली होती, पुढे उतारावरून घसरावी तशी खाली गेलेली. "काका, खालचे सूर चांगले आहेत. वरचे गेलेत. कामाला कुठे होतात?" मी सांगितलं. तिने मान हलवली. "हळूहळू जातात, म्हणून माणसाला कळत नाही."

 रिक्षात मी त्या रेकॉर्डींचाच विचार करत होतो. एवढे दिवस वाटत होतं, मी माझ्या आवडीने निवडतोय. मला जे ऐकू येत होतं तेवढंच मला आवडत होतं. फार राग आला. नेमका कुणाचा, ते सांगता आलं नसतं.

कानाला मशीन लावलं तर पेपरची घडीसुद्धा पत्रा फाडल्यासारखी वाजायची. हौसेने रेकॉर्ड लावली. कुणीतरी मोरीत स्टीलच्या वाट्या ओततंय असं वाटलं. मशीन काढून डबीत ठेवलं आणि प्लेअरवर कापड टाकलं.

कापड बायकोने काढलं. "मला या संगीतातलं काही कळत नाही," असं ती आजही म्हणते. पण शिलाई बाजूला ठेवून ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "मी सांगते, तुम्ही ऐका."

मग ती सांगत गेली. "आता तो ड्रमवाला झांजेच्या कडेला टिकटिक करतोय. थांबला. आता सगळं एकदम सांडलं बघा." कुठे काय आहे ते आधी तिच्या तोंडून कळायचं, आणि तीच बाजू मी मशीन लावून पुन्हा ऐकायचो. जागा माहीत झाली की आवाज टोचत नसे. असे कित्येक रविवार गेले.

पोकळ म्हणून बाजूला ठेवलेल्या अल्बमांपैकी एक निळ्या कव्हरचा होता. त्यात बेस वाजतो आणि मध्येच बराच वेळ थांबतो. रेकॉर्ड खराब आहे असं मी धरलं होतं. बायको म्हणाली, "रिकामं कुठंय? केवढं वाजतंय इथं." मशीन लावलं. बेस थांबला तिथे बारीक घंट्या सुरू झाल्या, एकीमागून एक, लांब लांब. मी बाजू संपेपर्यंत हललो नाही.

तो अल्बम आता माझा सगळ्यात आवडता आहे. बायकोला तो रटाळ वाटतो. तिला तबल्याचाच हवा असतो, आणि दुपारी बहुतेक तोच लागतो.