हिमरूच्या कोठीतलं हळदीकुंकू

बद्रीनाथची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी कमरेपर्यंत जमिनीत होतो. डॉक्टरांच्या धाकानं त्या रविवारी लेण्यांच्या डोंगराकडे फिरायला गेलो होतो. उतारावर एक दगडी कोठी उघडी दिसली. आत शिरलो, दोन पावलं टाकली आणि धरणीमातेनं मला गिळायला घेतलं. पोटाच्या घेरापाशी मात्र तिचाही घास अडला. मी ठोकलेल्या आरोळीनं दौलताबादच्या किल्ल्यातली वटवाघळं उडाली असणार. तेवढ्यात एक किडकिडीत, चष्मेवाला माणूस धावत आला. मला वाटलं, हात देईल. त्यानं टाळ्या वाजवल्या.

"बरोब्बर! विणकर अस्साच बसायचा!"

मग मला तसंच रोवलेलं ठेवून त्यानं माहिती द्यायला सुरुवात केली. इथं हिमरू, म्हणजे रेशीम-सुताचं नक्षीदार कापड, विणायचे. मी पडलो तो मागाचा खड्डा, असे ओळीनं कितीतरी. विणकर काठावर बसून पाय आत सोडायचा. छत एवढं उंच का? मागाच्या डोक्यावर दुसरा माणूस बसून नक्षीचे दोरे ओढायचा. खिडक्या गुडघ्याच्या उंचीवर का? उजेड कापडावर पडावा, माणसावर पडून काय उपयोग! आणि जमिनीखालून डोंगराचं पाणी खेळवलेलं, कारण हवा कोरडी झाली की रेशीम तुटतं.

"आणि माणूस तुटला तर?" मी विचारलं.

"माणूस काय, दुसरा मिळतो," बद्रीनाथ म्हणाला आणि त्यानं मला उपसून काढलं.

हा गृहस्थ चितेगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर. पुंडलिकनगरात फ्लॅट, बाल्कनीत तुळस, सगळं कसं शहाण्यासारखं. पण ही कोठी वरच्या रस्त्यावरून पानटपरीएवढी दिसते आणि खालून किल्ल्याएवढी. तिच्या या बनेलपणावर तो जीव टाकून बसला होता. मालक हैदराबादला. कुणी राहून देखभाल केली तर त्यांना हवंच होतं. बद्रीनाथ आजच्या आज गादी टाकायला तयार होता. अडलं होतं ते त्याच्या बायकोपाशी, दीपमालावहिनींपाशी.

"घर रेशमासाठी बांधलंय, भाऊजी," त्या मला म्हणाल्या. "मी काय रेशीम आहे? तिथं मीठसुद्धा रडतं. आरशात बघायचं तर जमिनीवर लोळावं लागतं, उजेडच तिथं!"

"अगं, पण कमान बघ ना!"

"कमानीला फोडणी देऊ का?"

शेवटी तह झाला. संक्रांतीचं हळदीकुंकू कोठीत करायचं. पुंडलिकनगरातल्या बायकांनी नाक मुरडलं, तर बद्रीनाथनं कोठीचं नाव जन्मात काढायचं नाही.

बिचारा आठवडाभर दगड पुसत होता. मी खड्ड्यांवर फळ्या टाकायला सुचवलं, तर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवाच्या मूर्तीला पायजमा घालायला सांगितलं. खड्ड्यांच्या तळाशी सतरंज्या अंथरल्या, काठांना झेंडूच्या माळा लावल्या. पूजा मांडल्यासारखे ते खड्डे दिसत होते.

बायका आल्या. जरीच्या साड्या सावरत पायऱ्या उतरल्या आणि ओळीनं थबकल्या. बसायचं कुठं? खुर्च्या नाहीत. आता नाकं मुरडणार, एवढ्यात वहिनींच्या आई गोजरबाई पुढे झाल्या. त्यांच्या गुडघ्यांची आख्ख्या कॉलनीला दहशत. मांडी घालता येत नाही, खुर्चीवर पाय लोंबकळून सुजतात, म्हणून लग्नकार्यात त्या भिंतीला टेकून उभ्या असतात, शिपायासारख्या. त्यांनी काठावर बूड टेकलं, पाय खड्ड्यात सोडले, डोळे मिटले.

"आई, लागलं का?" वहिनी धावल्या.

"गप गं. गुडघा गप झालाय, तू बी व्हय."

"जावईबापू," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "हे कुणी बांधलं?"

"विणकरांनी, सासूबाई."

"लई शाना माणूस. मी नाय उठत आता."

मग जी झुंबड उडाली! पन्नाशीच्या पुढचा सगळा महिलावर्ग खड्ड्यांत पाय सोडून बसला. हळदीकुंकू बसल्या जागी, वाण बसल्या जागी, तिळगूळ हातोहात. दोघी एकाच खड्ड्यात अडकल्या आणि हसून हसून निघेचनात. एक बाई उखाणा घेता घेता झोपली. बद्रीनाथ छताकडे बोटं दाखवत, दोरे कसे ओढायचे ते ओरडून सांगत गरगर फिरत होता. त्याचं कुणी ऐकत नव्हतं, आणि त्याला त्याची शुद्ध नव्हती.

अंधार पडला तरी कुणी हलेना. दीपमालावहिनी कंबरेवर हात ठेवून सगळ्यांकडे बघत राहिल्या. मग चप्पल काढून स्वतःही एका खड्ड्याच्या काठावर बसल्या, पाय हलवून बघितले.

"अहो," त्या म्हणाल्या, "गॅस कुठं ठेवायचा ते आधी सांगा."

बद्रीनाथनं मला मिठी मारली. त्या भरात आम्ही दोघंही खड्ड्यात गेलो.

चैत्रात सामान हललं. पण कारखान्याची बस डोंगराच्या बाजूला येत नाही, आणि पहाटेच्या पाळीला तिकडून रिक्षा मिळत नाही. दिवाळीआधी ते पुंडलिकनगरला परत आले.