पीळ पडलेली अळी

अळीताईला अळ्यांची किळस कधी वाटली नाही. कोणी कोंबड्या पाळतं, कोणी शेळ्या. तिने उभं आयुष्य अळ्या पाळल्या, आणि पाळल्या त्या मारण्यासाठी. कीड संशोधन केंद्राच्या मागच्या अंगाला तिची लांबट खोली होती. खिडक्यांना बारीक जाळी, एकामागे एक दोन दारं आणि मांडणीवर कप्प्याकप्प्यांचे ट्रे. शेंगा पोखरणारी ती अळी मोठी भांडखोर. दोघींना एकत्र ठेवलं तर एक दुसरीला खाऊन टाकते. म्हणून प्रत्येकीला स्वतंत्र कप्पा.

“माझा संसार एका खोलीत झाला,” अळीताई म्हणायची, “आणि ह्यांचा थाट बघा.”

अळ्या धष्टपुष्ट झाल्या की खाद्यावर विषाणूचं पाणी थेंबथेंब टाकायचं. पुढच्या काही दिवसांत अळी खाणं सोडी, सुस्तावे, झाकणापर्यंत चढे आणि मागच्या पायांनी धरून उलटी लटकत मरे. आत नुसतं पाणी झालेलं. त्या मेलेल्या अळ्या वाटून मलमलीच्या फडक्यातून गाळल्या की फवारणीचं औषध तयार. हा विषाणू मूळचा मातीतलाच. त्याला एकच अळी ठाऊक होती. दुसऱ्या किड्याकडे तो ढुंकूनही पाहत नसे. त्यामुळे खोलीत कोणी फारसं जपत नसे. गाळून जुनी झालेली फडकी अळीताई साबणाने धुऊन धाकट्या बहिणीकडे नेई. बहीण रेशमाचे किडे पाळायची, आणि पानं ओली ठेवायला तिला मऊ फडकी लागत.

“तू मारतेस आणि मी पोसते,” धाकटी हसायची. “एका आईच्या पोटच्या आपण, सांगून खरं वाटेल का कोणाला?”

मग केंद्रात नवा विषाणू आला. खोलीच्या प्रमुख मॅडमनी सगळ्यांना बसवून समजावलं. विषाणू जुनाच, पण त्यात विंचवाच्या विषाचा गुण घातला आहे. अळी निम्म्या वेळात मरेल, पीक तेवढं वाचेल. “आता हातमोजे रोज नवे. आणि फडकी धुवायची नाहीत, भट्टीत टाकायची. काही कळेनासं झालं तर विचारा.”

अळीताईने विचारलं नाही. तिने पाहिलं. ह्या अळ्यांना लटकायलाही सवड मिळत नव्हती. अंग थरथरे, पीळ पडे, आणि अळी कप्प्याच्या तळाशी वाकडी होऊन पडे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिने नकळत पदर तोंडाशी धरला. दारावरच्या रखवालदाराने नेहमीसारखं विचारलं, “काय अळीताई, आज किती जणींना टांगलंत?” तेव्हा ती चपला सरकवून तशीच बाहेर पडली.

तरी फडकी तिने जाळली नाहीत. एकदाच गाळायला वापरलेलं, कोऱ्यासारखं कापड भट्टीत घालणं तिच्या जिवावर आलं. दोनदा साबण लावून तिने ती सावलीत वाळवली आणि नेहमीसारखी धाकटीला दिली. आजवर कुठं काय झालंय, असं तिने स्वतःला सांगितलं.

सुट्टीच्या दिवशी ती बहिणीकडे गेली. रेशमाच्या शेडमध्ये शिरलं की आधी आवाज येतो. हजारो तोंडं पान कुरतडत असतात, दूर कोणी कागद चुरगळावा तसा. त्या दिवशी तो आवाज विरळ होता.

“ताई, बघ गं ह्यांना काय झालंय,” धाकटी म्हणाली. “पान नको म्हणतात. शेजारच्याने काही फवारलं असेल, दुसरं काय.”

ताटात पांढऱ्या अळ्यांमध्ये काही वाकड्या पडल्या होत्या. एकीचं अंग अजून थरथरत होतं. कडेला अळीताईनेच दिलेलं मलमलीचं फडकं, पाणी शिंपडलेलं, नीट पसरलेलं होतं. अळीताई त्या फडक्याकडे बघत राहिली.

“अशी काय बघतेस? तुला तर मेलेल्यांची सवय आहे.”

“डबी आहे का एखादी?” एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने मेलेल्या अळ्यांची ती डबी मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि बहिणीला शेजाऱ्याच्या फवारणीचा संशय आहे तेही सांगितलं. नव्या विषाणूची पहिली उघडी फवारणी त्याच आठवड्यात ठरली होती. पिंपं भरून व्हरांड्यात ठेवली होती. मॅडमनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

“शेजाऱ्याच्या औषधानेही असंच होतं,” त्या म्हणाल्या. “आम्ही रेशमाच्या किड्यांना हा विषाणू पाजून पाहिलाय. काही झालं नव्हतं.”

“मग हा तो नसेल?”

“नसेल. पण मी ज्यांच्यावर पाहिलं ते इथले निरोगी किडे होते. बाहेर कसे असतात...” त्यांनी वाक्य सोडून दिलं. “पण तो तिथं पोचेल कसा?”

खोलीत घड्याळ नव्हतं, तरी काहीतरी टिकटिकत असल्यासारखं अळीताईला वाटलं. गप्प राहिलं तर नोकरी राहणार होती, पण पिंपंही शेतात जाणार होती. “एकदा बाहेर सोडल्यावर त्याला परत बोलावता येतं का हो, मॅडम?” तिने विचारलं.

“नाही.”

“मग मी नेलाय तो. फडक्यातून.”

मॅडम तिला रागावल्या नाहीत. त्यांचा चेहरा तेवढा उतरला, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. फवारणी थांबली, अळ्या तपासणीला गेल्या, आणि खोलीची किल्ली तिच्याकडून काढून घेतली गेली.

धाकटीला सांगणं त्याहून अवघड गेलं. ती ऐकत राहिली, मग उठून तिने चुलीपुढचं रॉकेल आणलं. सगळी ताटं जाळली, बऱ्या अळ्यांसकट. शेवटी म्हणाली, “कापडासाठी गं, ताई? माझ्याकडे मागितलं असतंस तर मी तुला ठाणभर दिलं असतं.”

निकाल आला तेव्हा मॅडम स्वतः शेडवर आल्या. बहुतेक अळ्यांत शेजाऱ्याचं औषध निघालं होतं. धाकटीने सुस्कारा सोडला.

“एकीत मात्र आपला विषाणू आहे,” मॅडम म्हणाल्या. “एकीतच. ताटं जाळलीत ते बरं केलंत. ताटाखालचा केर, लेंड्या, उरलेली पानं, तेही जाळलंत ना?”

धाकटीने तुतीच्या बागेकडे पाहिलं. ती केर नेहमीच तुतीच्या बुडाशी टाकायची, खत म्हणून. त्यावर झाडं कशी तरारतात, हे ती कौतुकाने सगळ्यांना दाखवायची.

तिघी तुतीच्या बागेत गेल्या. कोवळ्या पानांवर ऊन होतं, आणि पानांमागे नाव नसलेले लहानसहान किडे आपापल्या उद्योगात होते. अळीताईने पहिलं पान उलटं केलं, मग दुसरं. बुडाशी, केरात, एक हिरवी रानअळी वाकडी होऊन पडली होती. ती पिळानेच पडली की आपसूक मेली, हे तिला सांगता येईना. बांधापलीकडे झाडीच झाडी होती.

“ताई,” धाकटी हळूच म्हणाली, “किती पानं बघणार?”

अळीताईने पुढचं पान उलटं केलं.