बिरदेवराव तासाला बसले

सोमवार, दि. १२ जुलै १९९३. बी.ए. प्रथम वर्षाची फी रुपये ३१२.५०, मुदत बुधवारपर्यंत. आमच्या बारामतीच्या कॉलेजात फीच्या खिडकीशी बिरदेवराव ती रक्कम उपरण्याच्या टोकाला गाठ मारून उभे होते आणि गाठ काही सोडत नव्हते. शेजारी त्यांची बारावी झालेली मुलगी, म्हाळसा.

बिरदेवराव मूळचे मेंढपाळ. मेंढरं विकून ते इंदापूरच्या बाजूला दोन एकर कसत होते. म्हाळसाला एमआयडीसीत दुधाच्या पिशव्या भरण्याचे काम मिळत होते. होकार दोन दिवसांत कळवायचा होता.

"भाऊसाहेब, म्हैस घेताना आमी दोन वेळची धार बघतो, मग पैसं मोजतो," ते मला म्हणाले. "तुमचं कालेज बी बघू द्या की."

"बिरदेवराव, इथं धार निघत नाही."

"मग पैसं कशाचं घेता?"

म्हाळसा हसली. "आबा, तुमीच या रोज कालेजला. मी घरी शेरडं बघते."

मी हेडक्लार्क. असे कुठल्याही परिपत्रकात बसत नव्हते. तरी भूगोलाच्या सरांना विचारले आणि जबाबदारी माझी म्हणून मीही बिरदेवरावांबरोबर शेवटच्या बाकावर बसलो. म्हाळसा पुढे मुलींत बसली. बी.कॉम. झाल्यापासून बत्तीस वर्षांत मी तासाला बसलो नव्हतो.

सरांनी फळ्यावर सह्याद्री काढला, त्याच्या डावीकडे समुद्र. ढग डोंगर चढतात, पाणी तिकडेच टाकतात आणि रिकामे होऊन आपल्याकडे येतात, असे ते संथपणे सांगत होते. खडूची भुकटी उन्हात तरंगत होती. बिरदेवरावांचे बोट बाकावर सरकू लागले.

"ह्यो घाट," ते पुटपुटले. "दिवाळी झाली की हितनंच कोकणात उतरायचो."

बोट वळणे घेत खाली गेले. जरा वेळाने मलाही फळ्यावरून मेंढरं उतरताना दिसू लागली, एकामागून एक, पांढरी, आवाज न करता. शेवटचे मेंढरू समुद्राशी पोचले आणि तास संपला.

"आता दुसरी धार?" मी विचारले.

"नको." ते पुढे बघत होते. सर पुसायच्या आत म्हाळसा फळ्यावरचा डोंगर भराभर वहीत उतरवत होती. "तासभरात तिनं एकदा बी मागं वळून बघितलं न्हाय. कळपात नवं मेंढरू आलं की आमी तेवढंच बघतो."

जवळ जाऊन त्यांनी विचारले, "काय गं, पिशव्या भराय जायचं का?"

"उद्याचा तास किती वाजता हाय, ते इचारा आधी," ती मान वर न करता म्हणाली.

त्यांनी गाठ सोडली. मी पावती फाडली आणि दोघांना एसटी स्टँडसमोर चहा पाजायला नेले. पाकीट टेबलाच्या खणातच राहिले होते, म्हणून पैसे बिरदेवरावांनी दिले. पुढची दोन्ही वर्षे फी भरायला म्हाळसा एकटीच आली.

पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन. तीन चहांचे साडेचार रुपये मी बिरदेवरावांना देणे आहे.